ढगातल्या होडीतलं अस्वल

माझं अकोल्यात पोस्टर छापायचं दुकान आहे. हल्ली जुन्या कार्टूनची पोस्टरं फार खपतात. घरात हव्या तेवढ्या स्क्रीन असल्या तरी भिंतीवर लोकांना हवा असतो तो आजोबांच्या काळातला, रबरासारख्या हातापायांचा प्राणी. मी आधी हसायचे. मग एक बोका स्वतःच्याच स्वयंपाकघरात लावला आणि त्याच्याकडे बघता बघता दूध उतू घालवलं. तेव्हापासून गप्प आहे.

अमरावतीच्या चारुशीला मॅडम आल्या त्या वडिलांसाठी. त्यांचे वडील बापूसाहेब जुने वकील. ऑपरेशन नीट पार पडलं, पण घरी आल्यापासून ते डोळे मिटायला तयार नव्हते. मिटले तर पुन्हा उघडणार नाहीत, ही धास्ती. गोळी घेऊनही उशीला टेकून जागे बसायचे.

"लहानपणी ते मला सकाळच्या खेळाला न्यायचे," मॅडम म्हणाल्या. "थिएटरबाहेर पोस्टर होतं. ढगांत होडी, होडीत अस्वल. परवा अचानक विचारायला लागले, ते अस्वल कुठं गेलं?"

मी इंटरनेटवर मूळ पोस्टर शोधलं, झकास छापलं आणि स्वतः नेऊन त्यांच्या पलंगासमोर टांगलं. बापूसाहेबांनी पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"हे ते नाही. हे तर घाबरलंय."

खरंच होतं. होडी वादळात सापडलेली, अस्वलाचे डोळे बशीएवढे. मला रागच आला. अस्सल माल द्यावा, तर लोकांना आठवणीतला हवा! पोस्टर परत आणलं आणि अब्बांपुढे आदळलं. माझे अब्बा, अब्दुल सत्तार, अकोला-अमरावतीच्या थिएटरांची पोस्टरं हातानं रंगवायचे. छपाई आली तसा त्यांनी ब्रश ठेवून दिला, आणि माझ्या दुकानाची पायरी काही चढले नाहीत.

"अमरावतीच्या थिएटरसाठी हे तुम्हीच रंगवलं होतं काय?"

"मीच. पण माहं झोपलेलं होतं."

"काहून?"

"मले काय मालूम सिनेमात काय हाये ते? नमुन्याचा फोटो आला एवढुसा, अन् घडी नेमकी अस्वलाच्या तोंडावर. डोळे दिसेच ना. म्या म्हटलं, एवढ्या मऊ ढगात कोनी बी झोपनच. देल्ले मिटून."

म्हणजे पोरं आत वादळ बघायची, आणि बाहेर आल्यावर त्यांना तेच अस्वल शांत झोपलेलं दिसायचं. किती बरं वाटत असेल त्यांना! माझा राग तिथंच विरघळला.

"कॉम्प्युटरवर मिटवते मी याचे डोळे," मी म्हटलं.

"हात नको लावू," अब्बा म्हणाले, आणि कपाटातून ब्रश काढले.

दुसऱ्या दुपारी अमरावतीला बापूसाहेबांच्या देखतच ते रंगवायला बसले. पडद्यातून पिवळसर ऊन येत होतं, पंख्यानं कागद हलत होता आणि ढग खरोखरच तरंगताहेत असं वाटत होतं. अब्बांनी एक डोळा मिटला. मग दुसरा. वादळ तसंच होतं, पण आता ते अस्वलाला झोके देत होतं.

बापूसाहेब टक लावून बघत होते.

"सत्तारभाई," त्यांनी हळूच विचारलं, "हे उठतं का?"

अब्बांनी तो सिनेमा कधी पाहिलाच नव्हता.

"उठते ना, वकीलसाहेब," ब्रश पुसत अब्बा म्हणाले. "दर खेळाले झोपे, अन् दर खेळाले उठे."

बापूसाहेब हसले. थोडं खाली सरकले, चादर छातीपर्यंत ओढली आणि डोळे मिटले.

आम्ही कोणी हललो नाही. मॅडम नुसत्या त्यांच्या छातीकडे बघत होत्या, वर होतेय, खाली होतेय. ऊन भिंतीवरून उतरलं. दिवेलागणीला बापूसाहेबांनी डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिलं आणि चहा मागितला. चहा टाकायला गेलेल्या मॅडम गॅसपाशीच रडत उभ्या राहिल्या, म्हणून चहा मी केला.