मकडी मुतते का?

मंगळवारी सकाळी सात वाजता, वरूडपासून थोड्या अंतरावर असलेल्या भगवंतरावांच्या संत्र्याच्या बागेत, तोडणीला आलेल्या बाया बांधावर, धुऱ्यावरच बसून राहिल्या. एकीनेही झाडाला हात लावला नाही. फळे भरायचे रिकामे कॅरेट ओळीने मांडलेले होते. त्यांतलाच एक उलटा करून टोळीची म्होरकी सत्यभामा त्यावर बसली होती, मान एका बाजूला वाकडी धरून. मानेवर लालभडक पट्टा उठला होता आणि त्यावर पाणी भरलेले बारीक फोड. आणखी तिघींच्या हातांवर असेच पट्टे होते.

कारण एकमताने ठरलेले होते. मकडी मुतली.

अंगावर असा जळजळणारा फोड उठला की या भागात हेच कारण सांगतात, आणि डॉक्टरकडे जाण्याआधी सांगतात. या बागेत तर आरोपी समोरच होते. ऑक्टोबरचा महिना, पाऊस नुकताच सरलेला. दर दोन झाडांमध्ये छातीच्या उंचीवर एक गोल जाळे, आणि जाळ्याच्या मधोमध पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची, बोटाच्या पेराएवढी मकडी, आठ पाय दोन-दोन जुळवून फुलीसारखी पसरलेली. फळापर्यंत पोचायचे तर जाळे तोंडावर घेऊनच जावे लागे.

"भाऊ, पहिले ह्या मकड्यायचं पाहा, मंग तोडणीचं बोला," सत्यभामा म्हणाली.

"पाहतो ना वं. पंप भरायले लावला हाय," भगवंतराव म्हणाले. "एक फवारा मारतो, एकही जित्ती राहत नाई. दोन-तीन दिवस थांबू, मंग तोडू."

हे ऐकून रागिणी चहा तसाच ओट्यावर ठेवून धुऱ्यावर आली. ही अकोल्याच्या जुन्या शहरातल्या फुलवाल्याची मुलगी. अमरावतीला राजापेठेत खोली करून राहते आणि कोळ्यांवर पीएच.डी. करते. दोन वर्षे तिचे काम याच बागेत चालू होते. आठवड्यातले निम्मे दिवस मुक्काम भगवंतरावांच्या घरीच असे. बागेतल्या माद्या आता अंडी घालायच्या बेतात होत्या. त्यांतून पिल्ले किती निघतात आणि किती टिकतात, यावर तिच्या प्रबंधाचे शेवटचे प्रकरण उभे राहायचे होते. फवारा बसला असता तर ते प्रकरण पुढच्या ऑक्टोबरवर गेले असते, आणि शिष्यवृत्ती तोवर टिकणार नव्हती.

"काका, थांबा. मकडी मुतत नाही."

धुऱ्यावर हशा पिकला.

"मंग काय जिंदगीभर रोकून धरते?" सत्यभामेने विचारले.

"तिचं आपल्यासारखं वेगळं-वेगळं नसतं. पोटातून जे बाहेर येतं ते सगळं एकच, पांढरं, चुन्याच्या निवळीसारखं. वाळलं की पानावर ठिपका राहतो. त्याने फोड येत नाही."

"मंग हे काय माह्या सासूनं काढलं?" सत्यभामेने मान पुढे केली.

रागिणीने मानेचा पट्टा नीट पाहिला. मग फोड आलेल्या चौघींना तिने एकच गोष्ट विचारली: परवा संध्याकाळी कुठे होता? चौघीही शेडमध्ये होत्या, फळे निवडत. ज्या अंधार पडायच्या आत घरी गेल्या होत्या, त्यांच्यापैकी एकीलाही काही झालेले नव्हते.

शेडवर यंदा भगवंतरावांनी तीन मोठे एलईडी दिवे बसवले होते. रस्त्यावरून जाणारा माणूस ते पाहून थांबतो, हे ते स्वतः सांगत. रागिणीने दिव्याखालचा एक कॅरेट आपटला. तळाशी पतंग, चिलटे, आणि त्यांच्यात मुंगीसारखे लांबट किडे, लाल-काळ्या पट्ट्यांचे. तिने एक चिमट्याने उचलून दाखवला.

"हा चावत नाही. उजेडावर येतो, मानेवर बसतो. आपण न पाहता चिरडतो. याच्यातला रस कातडीला लागला की जळतं, पण लगेच नाही, दुसऱ्या दिवशी. तोवर किडा कोणाच्या ध्यानात राहतो? ध्यानात राहतं ते तोंडाला चिकटलेलं जाळं."

"म्हंजे माह्या लाइटानं फोड आले?" भगवंतरावांचा आवाज चढला.

"लाइटाने नाही काका, लाइटावर येणाऱ्या..."

"अवघ्या शिवारात असा उजेड नाई कोणाच्या बागेत!"

"नाईच हाय," त्यांची बायको गोदाबाई मागून म्हणाली. "म्हणून त अवघ्या शिवारातले किडे आपल्याकडे येऊन राहिले."

भगवंतरावांनी वर दिव्यांकडे पाहिले. सत्यभामेचे मात्र समाधान झाले नव्हते.

"बोलणं सोपं हाय, मॅडम. फोड आमच्या मानेवर हाय. तुमी सोताच्या अंगावर करून दाखवा."

रागिणी म्हणाली, दाखवते.

ठरले ते असे. उजव्या हातावर मकडी, डाव्या हातावर किडा, दोन्ही कोपराच्या खालच्या बाजूला, आतून. फोड कोणत्या हातावर उठतो ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी पाहायचे. "उद्या दुपारपर्यंत," भगवंतरावांनी मुदत घातली. "परवा जीवनचा ट्रक येते. फवाऱ्याचं सांगाचं असन त त्याले उद्याच सांगा लागन." जीवन हा वरूडचा व्यापारी, बाग त्यानेच ठोक घेतलेली.

डाव्या हाताचे काम लगेच झाले. तिने किडा कातडीवर ठेवून चिरडला. उजव्या हाताला वेळ लागला. जाळ्यातून अलगद उचललेली मकडी हातावर बसली ती बसूनच राहिली. बाया गोल करून पाहत होत्या.

"काहून नाई करून राहिली वं?"

"एवढ्या बाया पाहून राहिल्या, तुले तरी झाली असती का?"

वाट पाहता पाहता प्रश्न सुरू झाले. मकडीला डोळे किती? आठ. मग तिला चहूकडचे दिसत असेल? फारसे नाही, तिचे सारे काम जाळ्याच्या हादऱ्यावर चालते, धागा हलला की माशी कुठे आणि केवढी ते तिला पायांना कळते. मकडी म्हणजे किडाच ना? नाही, किड्याला सहा पाय, हिला आठ.

"सोताच्या जाळ्यात हे काहून नाई फसत?" एका तरुण बाईने विचारले.

"सगळे धागे चिकट नसतात. मधून बाहेर जाणारे, सायकलच्या तारांसारखे, ते कोरडे. गोल फिरणारे चिकट. आणि ती चालते नखांच्या टोकांवर, पाय पूर्ण टेकवत नाही."

"आन नवऱ्याले खाते म्हणतेत, थे खरं हाय का?" हा प्रश्न गोदाबाईंचा.

"खरं आहे, काकू. नर अगदीच बारका असतो. भेट झाली की पुष्कळदा खाऊन टाकते. काही निसटतात."

"मंग ठीक हाय," सत्यभामा म्हणाली. "घरात बसून तंबाखू त नाई मागत."

"माह्या वाल्यात खायासारखं काई उरलंच नाई," गोदाबाई म्हणाल्या. भगवंतराव पंपाची नळी तपासायला निघून गेले.

मग सत्यभामेने जाळ्याकडे बोट केले. मकडीच्या पायांच्या रेषेत पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी वेलबुट्टी विणलेली होती. ही कशासाठी?

रागिणी म्हणाली, "कोणी म्हणतं, पाखरांना जाळं दिसावं आणि त्यांनी ते तोडू नये म्हणून. कोणी म्हणतं, चमकून माशा याव्या म्हणून. भांडण चालू आहे."

"तुमी काय म्हणता?"

"मला माहीत नाही."

"दोन वर्सं पाहून राहिल्या ना?"

"दोन वर्षं पाहूनही नाही माहीत."

गोदाबाईंनी यावर पहिल्यांदा मान डोलावली. "नाई मालूम त नाई म्हणते बापा. आमच्या घरात हा शब्द कोणी बोलत नाई."

एवढ्यात मकडीने आपले काम उरकले. पांढरा ओला थेंब, मसुरीच्या डाळीएवढा. बायांनी टाळ्या वाजवल्या. रागिणीने थेंब हातावर पसरला आणि मकडीला परत जाळ्याशी नेऊन सोडले. डाव्या हाताला ती पट्टी बांधणार होती. रस इकडे-तिकडे लागू नये म्हणून. सत्यभामेने अडवले.

"पट्टीच्या खालून तुमी काय करसान, आमाले काय दिसते? उघडाच राहू द्या."

रागिणीला हे पटले नव्हते. पण पट्टी बांधली असती तर उद्या कोणी विश्वास ठेवला नसता. तिने हात उघडा ठेवला आणि दिवसभर दोन्ही हात अंगापासून दूर धरून फिरली, बांगड्या भरून आल्यासारखी. त्या दिवशी तोडणी झाली नाही.

बुधवारी सकाळी ती उठली तेव्हा डाव्या हातावर लाल पट्टा होता. उजव्या हातावरही होता.

बाया आल्या. दोन्ही हात पाहिले.

"म्हंजे दोघंही मुततेत," एकजण म्हणाली.

"मी म्हटलंच होतं!" भगवंतराव म्हणाले. त्यांनी असे काहीच म्हटले नव्हते, पण पंप आता खरोखरच भरून तयार होता आणि औषधाची बाटली ओट्यावर आली होती.

रागिणीने हात दुमडून छातीवर घेतले आणि तशीच उभी राहिली. मग सत्यभामेला जवळ बोलावले. "ताई, मी झोपेत अशी हात दुमडून होते. आता पाहा." डाव्या हाताचा पट्टा उजव्या हाताच्या पट्ट्यावर नेमका बसत होता, ओल्या रंगाचा कागद दुमडून उघडावा तसा. टोक टोकाला, वळण वळणाला. आणि जिथे मकडीचा पांढरा ठिपका वाळला होता, ती जागा या पट्ट्याच्या बाहेर दोन बोटे वर होती. ठिपक्याखालची कातडी साफ होती.

सत्यभामेने तिचे हात दोनदा उघडले, दोनदा जुळवले. स्वतःच्या मानेला हात लावला.

"मले पटते," ती शेवटी म्हणाली. "पण ह्यायले काय सांगू? ह्यायनं दोन हात पाह्यले आन दोन फोड पाह्यले."

ते खरेच होते. टोळीतल्या निम्म्या बाया हात दुमडायचा खेळ पाहायला जवळही आल्या नव्हत्या. आणि पट्टी न बांधण्याची अट कोणाची होती, हे काढण्यात आता अर्थ नव्हता. रागिणीने ते काढले नाही.

"काका, एक दिवस अजून द्या. मी पुन्हा करते. फक्त मकडी."

"दोन्ही हात त भरले तुये. आता काय पायावर करतं?" भगवंतराव म्हणाले. "अवं पोरी, मले का तुह्याशी दुस्मनी हाय? पण बाग तोडा लागते. बाया आत पाय टाकत नाईत. मी काय करू, सांग."

रागिणीने ओट्यावरच्या बाटलीकडे पाहिले.

तेव्हा गोदाबाई न्हाणीकडे गेल्या. साबणाने दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले, पदराने पुसले, आणि येऊन उजवा हात पुढे केला.

"आन थे मकडी. माह्या हातावर ठेव. किडा नको."

"तुले काई झालं त?" भगवंतरावांनी विचारले.

"त तुमी सैपाक करसान."

"काकू, नका," रागिणी म्हणाली. "माझ्या कामासाठी तुम्ही..."

"तुह्या कामासाठी कोण करून राहिलं? चाळीस वर्सं झाली, ह्या बागेत मकडी दिसली का मी चप्पल काढते. मले पाहाचं हाय का मी खरी होती का येडी."

मकडी आणली गेली. ही कालच्यापेक्षा मोठी होती, पोट अंड्यांनी तट्ट फुगलेले. गोदाबाईंनी डोळे मिटून घेतले आणि हात मात्र हलू दिला नाही. यावेळी फार वेळ लागला नाही. थेंब पडला, पसरला, वाळला. भगवंतरावांनी जीवनला फोन लावला आणि म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत मले काईच विचारू नको."

संध्याकाळी शेडवरचे दिवे लागले नाहीत. भगवंतराव म्हणाले, बटण बिघडले आहे. रात्री गोदाबाई ओसरीवर उताण्या झोपल्या, हात उशीवर सरळ ठेवून. हात दुमडला जाऊ नये म्हणून शेजारी सत्यभामा पहाऱ्याला. दोघींच्या गप्पा उशिरापर्यंत ऐकू येत होत्या. रागिणी आत होती. तिला त्या रात्री झोप लागली की नाही, हे तिने सांगितले नाही.

गुरुवारी सकाळी सहा वाजता सत्यभामेने गोदाबाईंचा हात उजेडात धरला. पांढरा ठिपका जिथल्या तिथे होता आणि त्याभोवती काही नव्हते. मनगटाजवळ मात्र एक लालसर पुळी होती, मोहरीएवढी, जी झोपताना नव्हती. गोदाबाई म्हणाल्या, डास चावला. सत्यभामा म्हणाली, मीही तेच म्हणते, पण फोडही आधी असाच दिसते. रागिणी म्हणाली, पुळी थेंबापासून लांब आहे. पण दुपारपर्यंत पाहू.

नऊ वाजता पुळी तेवढीच होती. तिला खाज होती, आग नव्हती. बाया धुऱ्यावर होत्या. दहाला थोडी मिनिटे कमी असताना जीवनचा फोन आला की ट्रक वरूडहून निघाला आहे. त्या वेळी पुळीच्या कडेला किंचित सूज होती, असे भगवंतराव सांगतात. गोदाबाई सांगतात, नव्हती. पण दुपारपर्यंत पुळी बसली, सत्यभामेने पहिला कॅरेट उचलला आणि पंप भरलेलाच राहिला, यावर दोघांचेही एकमत आहे.