सातवा ठोका

टिण्.

हा घणाचा आवाज नव्हे. घण पडला की मी दणाणते. हा छोट्या हातोडीचा, माझ्या कोपऱ्यावर नुसताच पडलेला ठोका. पहिल्यांदा ऐकला त्याला तीस वर्षं झाली, पण अजून माझ्या अंगात आहे. मी चांदवडच्या धोंडीराम लोहाराची ऐरण. भट्टीपुढं बाभळीच्या ओंडक्यात रुतून बसलेली.

मूळची मी रेल्वेच्या रुळाचा तुकडा. धोंडीरामच्या वडिलांनी मालेगावच्या भंगारातून आणला. तेव्हापासून गावाची खुरपी, विळे, कुऱ्हाडी माझ्याच पाठीवर घडल्या. धोंडीराम तापलेलं लोखंड धरायचा, हातोडीनं जागा दाखवायचा, आणि त्याची बायको लंकाबाई नेमक्या त्या जागी घण घालायची. दोघांत बोलणं नसायचं. हातोडीच काय ते बोलायची. लंकाबाई गेली त्याला नऊ वर्षं झाली. आता तो एकटाच ठोकतो.

त्याची नात पूजा नाशिकला कॉम्प्युटरवरचे खेळ बनवणाऱ्या कंपनीत आहे. दोन वर्षांपूर्वी ती केसाळ टोपी घातलेला माईक घेऊन आली.

"आबा, आमच्या खेळात राक्षसांशी लढायचं असतं. पण तलवार, भाला आयता मिळत नाही, खेळणाऱ्यानं स्वतः घडवायचा. त्याला तुमच्या ऐरणीचा आवाज पाहिजे."

"राक्षसाला खुरपं चालंल का?" धोंडीराम म्हणाला. त्या वर्षातला त्याचा तेवढाच विनोद.

तो ठोकू लागला, ती कान देऊन मोजू लागली. सहा घाव लोखंडावर, सातवा रिकाम्या ऐरणीवर. टिण्. पुन्हा सहा, पुन्हा टिण्.

"हे काय आबा?"

तो लाजला. "असंच असतंय," म्हणाला.

पूजानं ते जसंच्या तसं खेळात घातलं.

गेल्या महिन्यात खेळ बाजारात आला. त्याबद्दल जाणकार लोक लिहितात, असं धोंडीरामच्या कानावर आलं. त्याला वाचनाचं अंग नाही. मग जो कुणी खुरपं पाजायला, धार लावून घ्यायला आणेल त्यानं आधी मोबाइलवरचं एक परीक्षण वाचून दाखवायचं, अशी पद्धतच पडली. आठवडाभर कौतुक ऐकलं. मग गेणूची पाळी आली.

"'जंगल देखणं आहे, लढाया थरारक आहेत,'" गेणू वाचत होता. "'पण हत्यार घडवताना दर सातवा ठोका रिकाम्या ऐरणीवर पडतो. त्यानं काही घडत नाही, नुसता वेळ जातो. ही चूक आहे की हट्ट?'" खाली आणखी चौघांनी तेच लिहिलेलं. गेणू हसला. "धोंडीबा, तुझी हातोडी चुकती म्हणं रं. पार परदेशात कळलं."

धोंडीराम हसला नाही. त्या दिवशी गेणूचं खुरपं भट्टीत राहून गेलं. ठिणग्या उडाल्या, पातं जळालं. इतक्या वर्षांत त्याच्या हातून लोखंड जळालेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

रविवारी पूजा आली. चहाही घेतला नाही.

"आबा, मी पंचवटीत गेले, सिन्नरला गेले. एकही लोहार असा ठोका मारत नाही. आणि मी खेळाबद्दलच्या मुलाखतीत सांगून बसलेय, ही लोहारांची जुनी रीत आहे. उद्या कंपनीत ठरणार, ठोका ठेवायचा की काढायचा. मी काय सांगू? खरं काय आहे?"

धोंडीराम हातोडीच्या दांड्यावरून अंगठा फिरवत राहिला. 'आपल्या घराण्याची रीत हाय' एवढं म्हणाला असता तरी पोरीचा शब्द राहिला असता.

"रीत नाय," तो म्हणाला. "तुझ्या आजीला दमा हुता. ह्या धुराचा. थांब म्हणलं की चिडायची, गिऱ्हाईक असलं की लयच. मग मी आपला हितं टिण् करायचो. घाव कुठं घालायचा ते बघतोय असं दाखवायचं. तेवढ्यात तिला दम खायला मिळायचा. आता ती नाय, पण हात थांबतोच."

"आजीला माहीत होतं?"

"म्हणायची, तुमची हातोडी लय चुकती." तो विझत चाललेल्या निखाऱ्यांकडं बघत होता. "तवा चूकच हाय ती. काढून टाक, पोरी. माझ्यापायी तुला बोल नको."

परीक्षणं लिहिणाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांना ठोका रिकामा वाटला, आणि तो रिकामाच होता. मी आता गंजत आलेय, दिवसाकाठी दोन खुरपी आली तर आली. माझं मागणं थोडं आहे. तो खेळ कधी तुमच्या हाती आला आणि सातव्या ठोक्याला तुमचं हत्यार अडलं, तर चिडू नका. तेवढ्यात एक श्वास घ्या.

पूजा उठली. माझ्या कोपऱ्यावर त्या हातोडीनं बोटभर खळगा पाडलाय, तिथं तिनं हात ठेवला. धोंडीराम तिच्या तोंडाकडं बघत होता. मग तिनं हात काढला, त्याच्या हातातली हातोडी घेऊन त्या खळग्यात एकदाच टिण् केलं, चपला घातल्या आणि निघून गेली.