मोहाखालची काडी

सकाळचे आठ वाजले की टेंभुरखेड्याच्या ग्रामपंचायतीचा भोंगा आधी खाकरायचा, मग एक लांब शिट्टी मारायचा आणि मग त्यातून संध्याचा आवाज यायचा. परतवाड्याहून सेमाडोहकडे जाणारा रस्ता डोंगराला भिडतो तिथलं हे गाव. मोबाइलची रेंज कधी असायची, कधी नसायची. भोंगा मात्र जंगलाच्या कडेपर्यंत ऐकू जायचा.

"ग्रामस्थांना कळवण्यात येते की नळाचे पाणी आजपासून एक दिवसाआड सुटेल. रेशनकार्डाची केवायसी ज्यांची राहिली, त्यांनी गुरुवारपर्यंत करून घ्यावी. उद्या अंगणवाडीत लसीकरण आहे, लेकरांची कार्डं सोबत आणावी. वणव्याचे दिवस सुरू झाले आहेत. जंगलात बिडी, आगपेटी नेऊ नये. धूर दिसल्यास वनरक्षकाला ताबडतोब कळवावे."

एवढं वाचून ती थांबायची. हातातल्या कागदावर खाली अजून दोन ओळी असायच्या. "मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पालापाचोळा जाळू नये. गतवर्षी आपल्या हद्दीत अशाच आगीतून वणवा पेटून एका अंगारीचा मृत्यू झाला आहे." त्या ओळी आल्या की ती कागदाची घडी घालायची. नत्थुजी शिपाई तिच्याकडे बघायचे आणि काही न विचारता बटण बंद करायचे.

अंगारी म्हणजे उन्हाळ्याच्या चार महिन्यांसाठी वनखात्यानं रोजानं ठेवलेला माणूस. आग पुढे सरकू नये म्हणून आखलेल्या जाळरेषा साफ करायच्या, उंचावर बसून धूर पाहायचा आणि आग दिसली की पळसाची ओली फांदी घेऊन तिच्या अंगावर जायचं. कागदावरचा तो एक अंगारी म्हणजे ललित. संध्याचा नवरा. जाईबाईचा एकुलता एक.

संध्या घरी परत आली की जाईबाई अंगणात आचलला मांडीवर घेऊन बसलेली असायची. आचल चौदा महिन्यांची. बाप गेला तेव्हा दोन महिन्यांची होती. आजीच्या हातातल्या काळ्या बांगड्या वर-खाली करणं हा तिचा दिवसभराचा धंदा.

"तुह्या मायचा आवाज आला का वं भोंग्यातून?" जाईबाई नातीला विचारायची. "नळाची बाई हाय तुही माय. पाणी सोडते अन् पाणी बंद करते."

पोर खिदळायची. पण ऊन उतरलं, दिवा लागला की जाईबाईचं तोंड बदलायचं. ललितच्या फोटोपुढे उभी राहून ती रोज तेच म्हणायची, अगदी संथ आवाजात, जसं कुणी पाठ केलेलं म्हणावं.

"ज्यानं काडी लावली, त्याचे हात झडतील. माह्या हातचं लेकरू नेलं त्यानं. त्याच्या हाती कधी लेकरू नको येऊ."

रस्त्यानं जाणाऱ्या कुण्या बिडीवाल्यानं ती आग लावली, असं जाईबाईनं मनाशी धरलं होतं. गावानंही तिला तसंच धरू दिलं होतं. संध्या तेवढ्या वेळात चुलीपाशी काहीतरी काढायचं निमित्त करून पाठ फिरवायची.

कारण संध्याला माहीत होतं.

गावातल्या बायांचे जंगलाच्या कडेला आपापले मोह ठरलेले. त्यांचा कागद नव्हता, पण कुणी दुसऱ्याच्या झाडाखाली वेचायला जात नसे. जाईबाईचा मोह सासूकडून आलेला, दोन बायांच्या कवेत न मावणारा. चैत लागता लागता पहाटे फुलं टपटपायला लागतात, पण खाली पाला असला तर ती सापडत नाहीत. म्हणून बाया आधी पाला गोल ओढतात, काडी लावतात, आणि जळून काळ्या झालेल्या जमिनीवर मग पिवळं फूल उठून दिसतं. जाईबाईनं चाळीस वर्षं हेच केलं. ललित अंगारी झाला तेव्हा त्यानं आईला शिंदीचा एक लांब खराटा बांधून दिला. "आई, मी तिकडं आग इझवत फिरू अन् तू इकडं लावू काय? खराट्यानं झाडत जा." जाईबाईची कंबर वाकत नसे, म्हणून लग्नानंतरची तीन वर्षं तो खराटा संध्यानंच चालवला.

चौथ्या वर्षी आचल झाली. वणव्याच्या त्या सकाळी दोन महिन्यांची पोर रात्रभर रडून नुकती झोपली होती. जाईबाई टोपली घेऊन निघाली. तिच्या कमरेला खोचलेली आगपेटी संध्याला दिसली. खराटा कोपऱ्यातच उभा होता. हाक मारावी तर पोर उठेल. संध्या बोलली नाही.

दुपारी डोंगरावर धूर उठला. वारा नाल्यात फिरला आणि आग विझवायला गेलेला ललित मध्ये सापडला. अमरावतीच्या दवाखान्यात तो सहा दिवस होता. चौथ्या दिवशी त्यानं संध्याला जवळ बोलावलं. ओठ धड हलत नव्हते.

"धूर आपल्या मोहाकडून उठला होता. मी पाह्यलं," तो म्हणाला. "आईले सांगू नको."

नंतर वनरक्षक विपुलनं जळालेल्या जंगलाचा माग काढला तर तो सरळ त्या झाडाच्या बुंध्याशी येऊन थांबला. तिथे राखेचं गोल रिंगण होतं आणि एका बाजूला आग विझवायला टाकलेली ओंजळभर माती. त्यानं कागदावर 'मोहाखालील आग, लावणारा अज्ञात' असं लिहिलं आणि संध्याला तेवढं सांगून टाकलं. वर्षभर ते दोघं जाईबाईशी बोलताना खाली बघत.

आता तोच विपुल ग्रामपंचायतीच्या दारात येऊन उभा होता.

"वहिनी, भोंगा मी रोज ऐकतो. शेवटच्या दोन ओळी राहतात."

"इसरते मी."

"पाच दिवस इसरल्या?" तो आत येऊन बाकावर बसला. मूळचा भातकुलीचा, अजून लग्न व्हायचं होतं, पण या एका वर्षात मोठ्या माणसासारखा दिसायला लागला होता. "काल जंगलाच्या वरच्या बीटात तीन झाडांखाली आग सापडली. माझ्याकडं या साली आठ अंगारी आहेत. चौघांना लहान लेकरं आहेत. मी काय करू, तुम्हीच सांगा."

नत्थुजींनी टेबलावरची धूळ पुसली. ती आधीच पुसलेली होती.

"त्या ओळी आईनं भोंग्यातून ऐकाव्या काय?" संध्या म्हणाली. "तिच्या ध्यानात नाही यायचं काय, की त्या दिवशी मोहाखाली कोण होतं?"

"येईल," विपुल म्हणाला. तो उठला. "पण मोह गळायला लागला, वहिनी. मी येताना पाहिलं."

ती म्हणाली, उद्या वाचते. ते तिला स्वतःलाही खरं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी फटफटत होतं तेव्हा संध्याला जाग आली. जाईबाईचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं. टोपली नव्हती. चुलीवरच्या कोनाड्यात आगपेटी नव्हती. आणि खराटा तसाच, कोपऱ्यात, मागच्या साली उभा होता तसा उभा.

या वेळी तिनं झोपलेली पोर उचलली. आचल रडायला लागली तशी तिला कडेवर घेतलं, दुसऱ्या हातात खराटा घेतला आणि ती शेतांच्या बांधावरून पळत सुटली.

जाईबाईनं पाला ओढून रिंगण केलं होतं. ती मधोमध उकिडवी बसली होती, आगपेटी हातात. सुनेला पाहून हसली.

"आता काय अख्खी ग्रामपंचायत घेऊन आली? लेकराले कायले आणलं एवढ्या सकाळी?"

"आई, काडी नका लावू. मी झाडते. खराटा आणला."

"आज झाडशील. उद्या तुले भोंगा हाय. माही कमर काय तुह्या भोंग्यानं वाकते? बाजूले सर. चाळीस वर्षं लावून राह्यली मी. माह्या काडीनं कधी काही झालं काय? आग लावणारे येगळे असतात, पोरी. त्या मेल्याचे हात..."

"आई, तसं नका म्हणू."

"काहून नको म्हणू? झडतीलच ते हात. त्याच्या हाती कधी लेकरू..."

"आई," संध्या म्हणाली. ती पाल्यातच बसली. "मागच्या साली आग इथूनच गेली."

आचल रडायची थांबली होती. वरून एक फूल पडलं आणि पाल्यात कुठंतरी दडलं.

"इथून म्हणजे?"

"इथून. या झाडाखालून. विपुलभाऊंनी माग काढला. मले ठाऊक होतं."

जाईबाईनं हातातली आगपेटी उलटसुलट करून पाहिली. मग बुंध्याच्या एका बाजूला बोट दाखवून, अगदी समजावणीच्या सुरात बोलू लागली. "मी इझवली होती ना वं. त्या अंगानं माती टाकली होती. दोन ओंजळी. तीन टाकल्या अशीन. पायानं दाबली बी होती. मंगच टोपली उचलली मी. इझली होती ते."

"हो, आई."

"धूर नव्हता निघत. मी मांगं वळून पाह्यलं होतं."

"हो."

"तू खोटं बोलून राह्यली."

संध्यानं खाली मान घातली. जाईबाईनं तिच्याकडे पाहिलं, आणि पाहता पाहता तिच्या तोंडावरचं रक्त उतरलं.

"त्याले माहीत होतं?"

"होतं. त्यांनी धूर पाह्यला होता."

"काय म्हणे?"

"आईले सांगू नको म्हणे."

जाईबाई ओरडली नाही, छाती पिटली नाही. ती आगपेटी तिनं हळूच खाली ठेवली, झोपलेलं मूल ठेवावं तशी.

"मी बी पाह्यली होती, आई," संध्या घाईनं म्हणाली. "त्या दिवशी तुमच्या कमरेची आगपेटी मी पाह्यली होती. हाक नाही मारली. पोर झोपली होती म्हणून. जेवढं तुमचं, तेवढं माझं बी हाय."

ते जाईबाईला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. आचल मायच्या मांडीवरून आजीकडे झेपावत होती, दोन्ही हात पुढे करून. रोजच्यासारखी ती घेणार म्हणून संध्यानं नकळत पोर पुढे केली. जाईबाई मागे सरकली. आपले दोन्ही हात तिनं लुगड्याच्या पदरात गुंडाळून घेतले.

"नको," ती म्हणाली. "या हाती नको देऊ."

"आई..."

"वरीसभर म्हणून राह्यली मी. दिवा लावून म्हटलं. नको देऊ म्हणते ना."

उन्हं वर आली. मग जाईबाई उठली, संध्याच्या हातातला खराटा घेतला आणि झाडायला लागली. कंबर वाकत नव्हती, तरी वाकवली. पाला दूर, नाल्याच्या दगडांपर्यंत लोटत नेला. संध्या आडवी गेली तेव्हा तिच्याकडे न पाहता म्हणाली, "आठ वाजून राह्यले. तुहा भोंगा राह्यला. पुरं वाच आज."

त्या दिवशी आचलला ठेवायला घरी कुणी नव्हतं, म्हणून संध्या तिला ग्रामपंचायतीत घेऊन गेली. मांडीवर बसवून तिनं नळाचं वाचलं, केवायसीचं वाचलं. शेवटच्या दोन ओळी आल्या. नत्थुजींचा हात सवयीनं बटणाकडे गेला. तिनं मान हलवली आणि वाचलं. एका अंगारीचा मृत्यू झाला आहे, इथपर्यंत. मग कागदावर नसलेलं एक वाक्य बोलली. "ते झाड आमच्या घरचं होतं."

भोंगा थोडा वेळ नुसताच चालू राहिला. आचलनं माइकवर थाप मारली आणि काहीबाही बडबडली, ते सगळ्या गावानं ऐकलं.

शेजारच्या मोहाची इंदूबाई संध्याकाळी येऊन खराटा कसा बांधायचा ते विचारून गेली. तरी त्या आठवड्यात दोन ठिकाणी धूर निघालाच आणि विपुलचे अंगारी तिकडे धावले. ते सगळे धडपणे परत येईपर्यंत संध्या ग्रामपंचायतीच्या पायरीवर बसून होती.

जाईबाई मात्र आता रोज पहाटे मोहाखाली जायची. झाडून जमीन आरशासारखी करायची. फुलं वेचत नसे. टोपली तिनं नेलीच नाही. पिवळी फुलं तिथंच पडून वाळायची, रात्री हरणं येऊन खाऊन जायची. फोटोपुढे दिवा लावायची, पण तोंडातून शब्द काढत नसे. भाकरी थापायची, अंगण सारवायची, आचलच्या झबल्यांच्या घड्या करायची. आचलला मात्र हात लावत नव्हती. पोर रांगत, धडपडत, धरून धरून चालत तिच्याकडे जायची, हात वर करायची. जाईबाई उठून दुसरीकडे बसायची. दोन-तीनदा असं झालं की आचल तिथंच, मधल्या जागेत, ओठ काढून रडायची. तेव्हा जाईबाईही भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची, आणि तिचे खांदे हलत असायचे.

संध्या समजावून थकली. पोर रोज तिच्यासोबत भोंग्यापाशी येऊ लागली.

अशा वीसेक दिवसांनंतरची गोष्ट. संध्या घरी आली तर जाईबाई चुलीपुढे बसली होती. वाटीत तेल होतं, त्यात लसणाच्या पाकळ्या आणि ओवा काळा होऊन तडतडत होता.

"पोरीले सर्दी झाली काय वं?" ती वळून न पाहता म्हणाली. "भोंग्यात नाक वाजून राह्यलं होतं तिचं. मोहाखालून ऐकलं मी."

संध्यानं पोरीच्या नाकाला हात लावून पाहिला. खरंच वाहत होतं. तिच्या स्वतःच्या ध्यानातही आलं नव्हतं.

जाईबाईनं चिमट्यानं वाटी उतरवली आणि उंबऱ्यावर आणून ठेवली.

"तळपायाले लाव. छातीले बी. कोमट होऊ दे, मंग लाव."

"तुमीच लावा ना, आई. तिले तुमच्याच हाताची सवय हाय."

जाईबाई उंबऱ्याच्या पलीकडे बसली. हात पदरात घेतले. संध्या तेल चोळत होती तोवर ती बघत राहिली. "जरा वर," म्हणाली. "बरगडीपाशी. हळू." आचल मायच्या मांडीवरून उलटी झाली, तेलकट अंगानं उंबऱ्यावर आडवी पडली आणि आजीच्या पदराचं टोक तिनं मुठीत धरलं.

जाईबाईनं ते सोडवून घेतलं नाही. हात मात्र आतच ठेवले.