तीन टाक्यांची चहादाणी आणि नारिंगाची साल

मित्रांनो, मी एक जुनी चहादाणी आहे. चिनी मातीची, पोटावर तारेचे तीन टाके पडलेली. इराणातल्या रामसर गावात समोवाराच्या, म्हणजे पाणी उकळायच्या बंबाच्या, डोक्यावर बसून माझा जन्म गेला. खाली पाणी उकळायचे, वर माझ्या पोटात चहा मुरायचा. एवढेच माझे काम, आणि तेही मला अजून धड कळलेले नाही.

माझी मालकीण सफूरा खानम. नारिंगाच्या सालीचा आतला पांढरा भाग ती सुरीने खरवडून काढायची आणि सालीच्या काड्या उन्हात वाळवायची. चहाला रंग चढला की मला समोवारावरून उतरवायची, चिमूटभर काड्या पोटात सोडायची आणि अंगावर लोकरी शाल घालायची. मला वाटायचे, दमले म्हणून विसावा देते. केवढा जीव माझ्यावर! शेजारीण कौकब म्हणायची, "खानम, तुझ्या चहाच्या नुसत्या वासानेच पोट भरतं गं!" मग मी आणखी फुगायचे.

गेल्या हिवाळ्यात सफूरा खानम गेली. तिचे यजमान नुसरत आका बोलेनासे झाले. खिडकीकडे तोंड करून बसायचे. सून फुरूगने ठरवले, सासूबाईंसारखा चहा करून त्यांना बोलते करायचे.

तिने साल खरवडली, वाळवली, माझ्यात घातली आणि चहा गरम राहावा म्हणून मला समोवारावरच ठेवले. आकांनी एक घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि पेला सरकवला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. फुरूग रडकुंडीला आली.

"अगं, साल तीच, पाणी तेच," कौकब म्हणाली. "दोष या म्हातारडीचा! टाक्यांचा गंज उतरतोय. उद्या भंगारवाला येईल, दे त्याला. प्लास्टिकची टोपली तरी मिळेल."

मी हबकलेच. खरेच का माझ्यातून कडूपणा उतरत होता? तीस वर्षे नाही उतरला, मग आताच कसा? 

सकाळी गल्लीत भंगारवाल्याची आरोळी आली. फुरूगने शेवटचा चहा मुरवला, साल घातली आणि पाहते तर समोवारातले पाणी आटलेले. पाणी भरायला तिने मला खाली ठेवले. चहा निवू नये म्हणून खुंटीवरची सासूबाईंची शाल माझ्यावर टाकली.

"थांबा हो जरा, एवढा चहा ओतते न् देते तुम्हाला!" ती दाराकडे ओरडली.

आकांनी साखरेचा खडा दातात धरला. घोट घेतला. पुन्हा घेतला.

"उतरवलीस ना हिला खाली?" ते म्हणाले. "सफूरा उतरवायची. वर शिजत राहिली की साल कडू होते."

"मग आधी का नाही सांगितलंत, आकाजान?"

"बोलावंसंच वाटत नव्हतं गं, पोरी." त्यांचे डोळे भरून आले. "ओत अजून."

भंगारवाला रिकाम्या हाताने गेला. मी वाचले, पण गोंधळ काही सुटेना. म्हणजे ती शाल माझ्यासाठी नव्हती? नुसती चहाची रीत होती?

मित्रांनो, चहा कडू झाला तर जुन्या भांड्याला बोल लावण्याआधी घरातल्या जुन्या माणसाला विचारा. साल घालताना चहादाणी खाली उतरवा, तिच्यावर काहीतरी पांघरा. कशासाठी, ते मात्र तिला सांगू नका.