माझ्यावर एकीचेच नाव

मी एक जुनी, पोटातून चपटी झालेली ट्यूब आहे. माझे टोपण चिरले आहे आणि अंगावरची अक्षरे निम्मी पुसली आहेत. मित्रांनो, माझ्यात चेहऱ्यावरच्या मुरुमांचे औषध होते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मला कोणी विकत देत नसे, याचा मला फार तोरा होता. आज मला कचऱ्यात जायचे आहे. त्याआधी माझी गोष्ट सांगून टाकते.

माझा जन्म औषधांच्या कारखान्यात झाला. माझ्यात पांढरे जेल भरले गेले, खालची कड दाबून बंद केली गेली आणि एका घडीच्या कागदासोबत मला खोक्यात बसवले. मला कसे वापरावे ते त्या कागदावर बारीक अक्षरांत लिहिले होते. बिचारा कागद! तो उघडून वाचणारा माणूस क्वचितच भेटतो, हे मला पुढे कळले.

मला विकत घेतले ते धाकलीने. तिच्या घरी खाली इस्त्रीचे दुकान आणि वर दोन खोल्या. आईवडील, थोरला भाऊ, वहिनी आणि ही सगळ्यांत लहान, म्हणून धाकली. पूर्वी ती दुकानाच्या पुढच्या टेबलाशी उभी राहून गिऱ्हाइकांना कपडे द्यायची आणि प्रत्येकाशी दोन शब्द बोलायची. मग तिच्या गालांवर, कपाळावर मुरूम उठले. एके दिवशी एका बाईने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग आपल्या कपड्यांकडे पाहिले आणि विचारले, "हात धुतेस ना गं?" त्या दिवसापासून धाकली मागे, टांगलेल्या शर्टांच्या आड उभी राहून घड्या घालू लागली. केस पुढे ओढून घेण्याची सवयही तिला तेव्हाच लागली.

डॉक्टरबाईंनी तिला सगळे नीट सांगितले होते. पण ती मान खाली घालून बसली होती. अर्धे ऐकले, अर्धे वाऱ्यावर गेले.

पहिल्याच रात्री आई म्हणाली, "एवढंसं काय लावतेस? औषधाला कंजुषी करू नये. चांगलं थापून लाव."

आईचे मन साफ होते, हे मी शपथेवर सांगेन. त्या घरात सगळेच हात मोकळे होते. कंगवा एक, टॉवेल दोघांत मिळून एक, चपला ज्याच्या पायात येतील त्याच्या. कोणी "माझं" म्हटले की आई लगेच म्हणे, "घरात कसलं आलंय तुझं-माझं?" त्या घराला याचा अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता.

धाकलीने मला थापले. घासून घासून धुतलेल्या, अजून ओल्या चेहऱ्यावर, अगदी नाकाच्या आणि ओठांच्या कडांपर्यंत. दुसऱ्या रात्रीही तसेच, तिसऱ्या रात्रीही. मग गाल लालभडक झाले, साल सुटू लागली आणि खाली इस्त्रीची वाफ अंगावर आली की तिच्या डोळ्यांतून पाणी येई. तिने आरसा भिंतीकडे वळवून ठेवला. मित्रांनो, बरे करायला आलेल्या औषधानेच माणसाला रडवावे, यासारखे दुःख नाही. माझा तोरा तेव्हाच उतरला.

ती पुन्हा डॉक्टरबाईंकडे गेली. मी तिच्या पिशवीत होते. बाई रागावल्या नाहीत. "काही दिवस बंद ठेव," त्या म्हणाल्या. "कातडी शांत झाली की एक रात्र आड लाव. चेहरा हळुवार धुवायचा, पूर्ण कोरडा होऊ द्यायचा, मग वाटाण्याएवढं घेऊन सगळ्या चेहऱ्याला पातळ. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडून. कोरडं वाटलं तर साधं क्रीम लाव आणि उन्हात जाताना चेहरा जप. सुरुवातीला मुरूम वाढल्यासारखे वाटतील. घाबरू नकोस, काही महिने धीर धर."

मग त्यांनी विचारले, "घरी आणखी कोणी वापरतं का हे?"

"अजून तरी नाही," धाकली म्हणाली. "पण आमच्याकडे सगळं सगळ्यांचं असतं."

बाईंचा आवाज बदलला. "हे नाही. चिठ्ठीवर तुझं एकटीचं नाव आहे. आणि पोटात बाळ असलेल्या बाईने तर याला बोटही लावायचं नाही. बाळाला धोका असू शकतो."

या वेळी धाकलीची मान वर होती.

पुढचे महिने माझ्या आयुष्यातले चांगले महिने. वाटाण्याएवढी मी, आणि तिचा धीर. चेहरा हळूहळू निवळला. काही डाग राहिले, ते राहिले. ती शर्टांच्या आडून एक पाऊल पुढे आली. घरात माझे कौतुक होऊ लागले. वहिनी तर म्हणाली, "जादूच आहे गं ही ट्यूब."

वहिनीला तेव्हा दिवस गेले होते. अगोदर एकदा तिचे बाळ पोटातच गेले होते, म्हणून घरात सगळे तिला फुलासारखे जपत. तिच्याही हनुवटीवर मुरूम उठले होते आणि माहेरी भावाचे लग्न तोंडावर आले होते.

त्या दुपारी तिने फळीवरून मला उचलले. विचारले नाही, कारण त्या घरात कोणी विचारत नसे. टोपण निघाले. मी तिच्या बोटावर आले. मला ओरडायचे होते. पण देवाने ट्यूबला तोंड दिले ते फक्त उघडायला, बोलायला नाही. बोट हनुवटीकडे निघाले, तेवढ्यात धाकली धुतलेल्या चादरी घेऊन वर आली.

चादरी खाली पडल्या. तिने वहिनीचे मनगट धरले. "वहिनी, ते माझं आहे."

वहिनीचा चेहरा उतरला. "एवढ्याशा मलमासाठी, धाकले?"

दारातून आई म्हणाली, "हेच शिकवलं का आम्ही तुला?"

ती मनगट सोडून गप्प बसली असती, तर सगळे तिला शहाणी म्हणाले असते. तिने केस मागे सारले, सगळ्यांसमोर चेहरा वर केला आणि म्हणाली, "आई, मला हावरट म्हण हवं तर. पण बाळ असताना हे चालत नाही. डॉक्टरांनी मला बजावून सांगितलंय. वहिनी, याआधी लावलं होतंस?"

"नाही गं. आजच." वहिनीचा दुसरा हात पोटावर गेला होता. आईनेच पुढे होऊन तिचे बोट पुसले आणि साबणाने दोनदा धुतले.

संध्याकाळी तिघी मिळून डॉक्टरबाईंकडे गेल्या. औषध चेहऱ्याला लागलेच नव्हते आणि बोटही लगेच धुतले होते, म्हणून काळजीचे कारण नाही, असे बाई म्हणाल्या. वहिनीसाठी वेगळे औषध मिळाले. घरी आल्यावर आईने सुयादोऱ्यांचा डबा रिकामा केला आणि मला त्यात ठेवले. त्या घरात एकाच माणसासाठी बाजूला ठेवलेली ती पहिली वस्तू.

मित्रांनो, औषध प्रेमानेसुद्धा वाटून घेऊ नका. सांगितले तेवढेच लावा, आणि आपल्या नावाचे असेल तेच लावा. नाही म्हणावे लागले, तर आपल्या माणसांनाही नाही म्हणा.

मी संपून बरेच दिवस झाले. धाकलीने मला टाकले नव्हते. पण वहिनीचा मुलगा आता रांगतो आणि हाती येईल ते तोंडात घालतो. मघाशी डबा उघडा राहिला आणि त्याने मला मुठीत पकडले. धाकलीने मला सोडवून घेतले, तशी स्वारी भोकाड पसरून रडू लागली. "हे माझं आहे, राजा," ती म्हणाली, आणि मला कचऱ्यात टाकण्यासाठी दूर काढून ठेवून, हात धुऊन तिने त्याला कडेवर घेतले. आता खाली पुढच्या टेबलाशी ती त्याला घेऊन उभी आहे. तो तिचे गाल ओढतो आहे, आणि ती त्याला ओढू देते आहे.