त्याला आठवू द्या

मावशींना समोरचा माणूस गप्प राहिलेला सोसत नसे. त्यात त्यांचा दोष तरी काय म्हणा. बत्तीस वर्षं त्या एका नाटक मंडळीत विंगेतल्या स्टुलावर बसून प्रॉम्प्टिंग करत आल्या होत्या. नट अडखळला, की त्याच्या कानापर्यंत पोचेल पण पहिल्या रांगेला ऐकू जाणार नाही असा शब्द सोडायचा, हे त्यांचं काम. सवय अशी हाडीमाशी खिळलेली, की दुकानात पुढचं गिऱ्हाईक काय घ्यायचं ते आठवत उभं राहिलं तरी मागून ह्या "साबण?" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या नवऱ्याला पक्षाघाताचा झटका आला. अप्पा त्याच नाटक मंडळीचे मुख्य नट. हातपाय सावरले, समज शाबूत राहिली, शब्द तेवढे गेले. मनात सगळं असायचं, ओठापर्यंत यायचं आणि तिथंच अडायचं. बोलण्याचे व्यायाम घ्यायला एक बाई घरी येत. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "शब्द त्यांना शोधू द्या. तुम्ही पुरवू नका. मनात वीस मोजा."

मावशींनी मान डोलावली आणि बाई जिना उतरायच्या आत अप्पांना तीन शब्द पुरवले. चाराच्या पुढे त्यांना कधी मोजताच आलं नाही. काही महिन्यांनी बाई जरा कडकच बोलल्या. "ते आता प्रयत्नच करत नाहीत, मावशी. तोंड उघडायच्या आधी तुमच्याकडे बघतात. असंच चाललं तर आहे तेही जाईल."

त्या दिवशी मावशी न्हाणीघरात नळ सोडून रडल्या. बाहेर आल्या तर अप्पा खिडकीकडे बोट दाखवत होते. "उघडू?" मावशी म्हणाल्या. अप्पांनी हो म्हणून मान डोलावली. झालं, पुन्हा तेच.

उन्हाळ्यात नाट्यगृहात प्रयोग नसत. म्हणून मंडळीतल्या दिग्दर्शिका ताईंनी तिथं मुलांचं लेखनशिबिर काढलं. दहा दिवस, तेरा मुलं, दहा ते चौदा वयाची. ताईंची पद्धत नाटकाची. कपडेपटाची पेटी उघडायची, डोळे मिटून एक कपडा उचलायचा, तो अंगावर चढवायचा आणि तो घालणारा माणूस कोण ते लिहायचं. लिहिलेलं रंगमंचावर उभं राहून म्हणायचं. जे म्हणताना जीभ अडेल ते खोडायचं. शेवटच्या दिवशी आईवडिलांसमोर प्रयोग. पेटी मावशींच्या ताब्यात होती, आणि मुलांची पानं घेऊन विंगेत बसायलाही त्याच. घरी एकट्याला ठेवता येत नाही म्हणून त्या अप्पांना बरोबर आणत आणि पहिल्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीत बसवत. पोरांनी दुसऱ्याच दिवशी मावशींचं नाव कुजबुजमावशी ठेवलं.

अकरा वर्षांच्या एका मुलीला पेटीतून खाकी रंगाचा, कोपरावर ठिगळ लावलेला कोट आला. जाड भिंगांमुळे तिला सगळे चष्मिस म्हणत. मोठी चिकट पोरगी, एकेका शब्दावर अर्धा तास बसणारी. कोट तिच्या पोटऱ्यांपर्यंत आला.

तो कोट मावशींनी लगेच ओळखला. अप्पांची पहिली मोठी भूमिका पहारेकऱ्याची होती, तिचाच हा कोट. शेवटच्या अंकात एक लांबलचक वाक्य होतं, ते अप्पांना तालमीत एकदाही धड आलं नव्हतं. पहिल्या प्रयोगाला मावशींनी ते कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून विंगेत त्यांच्या हातात कोंबलं. तेव्हा दोघांचं लग्न व्हायचं होतं. त्यानंतर अप्पा रंगमंचावर कधी अडले नाहीत. "माझ्या प्रयोगाला तू घरी झोपलीस तरी चालेल," असं ते जन्मभर चिडवत आले.

चष्मिसनं लिहिला तो एका रिकाम्या घराचा पहारेकरी. घरातली माणसं कुठं गेली ते त्याला कुणी सांगून गेलेलं नाही. तो एकेका खोलीत जातो आणि तिथं कोण राहायचं ते सांगतो. शेवटच्या खोलीच्या दारात उभं राहून तो म्हणतो, "इथं..." आणि थांबतो.

पहिल्या तालमीत ती थांबली आणि विंगेतून मावशींचा आवाज आला, "इथं एक आजारी मुलगी..."

चष्मिसनं मान वळवून विंगेकडे बघितलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मग मात्र ती कोट सावरत तरातरा विंगेत आली.

"मावशी, मी विसरत नाहीये. पानावर लिहिलंय ना, 'तो थांबतो' म्हणून?"

"लिहिलंयस गं. पण किती वेळ ते लिहिलं नाहीस."

"त्याला आठवेपर्यंत," चष्मिस म्हणाली. "त्याला आठवू द्या ना."

मावशींना राग आला. बत्तीस वर्षांच्या कामात एवढीशी पोर चूक काढते म्हणजे काय. तोंडावर त्या एवढंच म्हणाल्या, "बरं बाई, तू म्हणशील तसं."

मधल्या सुट्टीत चष्मिस वही घेऊन अप्पांसमोर जमिनीवर बसली. कोट त्यांचा होता हे तिला ताईंकडून कळलं होतं. "अप्पा, नाटकात ह्या कोटाच्या खिशात काय असायचं?" तिनं विचारलं.

अप्पांचा चेहरा उजळला. त्यांनी हात उचलून छातीवर, डाव्या बाजूला ठेवला. तोंड उघडलं. गळ्याची शीर ताठ झाली. पोरगी वहीवर पेन्सिल टेकवून तशीच बसून राहिली. तिला कसली घाई नव्हती.

"किल्ल्या," मावशी मागून म्हणाल्या. "पहारेकरी ना तो. किल्ल्यांचा जुडगा असायचा."

अप्पांनी मान हलवली. नाही. मग मावशींकडे बघितलं, हात छातीवरून खाली घेतला आणि हो म्हणून मान डोलावली.

चष्मिसनं वहीत काही लिहिलं नाही. "आधी ते नाही म्हणाले," ती हळूच म्हणाली. "मग तुम्ही म्हणालात म्हणून हो म्हणाले."

मावशी पेटीतल्या कपड्यांच्या पुन्हा पुन्हा घड्या करत राहिल्या. हिशोब सरळ होता. आठ महिने रोज पन्नासएक शब्द. त्यातले किती त्यांचे होते आणि किती अप्पांचे? खिडकी खरंच उघडायची होती का, की बाहेर काही दाखवायचं होतं? ज्या माणसानं जन्मभर भरल्या थिएटरात आवाज टाकला, तो घरात बायकोचे शब्द मुकाट्यानं आपले मानून घेत होता. आपण ह्यांना मदत करत नव्हतो, आपण ह्यांचं तोंड बंद केलं. हे मावशींच्या मनात आता स्पष्ट उमटलं.

शेवटच्या दिवशी थिएटर निम्मं भरलं होतं. बारा मुलं पार पडली. दोघांना मावशींनी शब्द दिला, तो त्यांना हवाच होता. चष्मिस शेवटची. ती खोल्यांमागून खोल्या फिरली, शेवटच्या दारापाशी आली, "इथं..." म्हणाली आणि थांबली.

मावशींच्या जिभेवर वाक्य तयार होतं. त्यांनी ओठ मिटले. चार झाले. सात झाले. कुणीतरी खोकलं. दहा. समोरच्या विंगेतून ताई हातवारे करू लागल्या, अहो द्या की. मावशींनी पदराचा बोळा तोंडावर धरला. पंधरा. एक खुर्ची कुरकुरली. मुलीनं कोटाची कड घट्ट धरली होती. एकोणीस, वीस, एकवीस.

"इथं," चष्मिस म्हणाली, "एक आजारी मुलगी राहायची. तिला झोप लागली नाही, की मी खिडकीखाली उभं राहून शीळ घालायचो."

पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. टाळ्या बराच वेळ चालल्या.

पडदा पडल्यावर चष्मिस विंगेत आली. घामानं तिची भिंगं धुरकट झाली होती. "मावशी, एक सांगू? ह्या वेळी मी खरंच विसरले होते."

मावशींचा जीव चरकला. "अगं, मग?"

"मग आठवलं," ती म्हणाली आणि कोट काढून त्यांच्या हातात देऊन आईकडे पळाली.

थिएटर रिकामं झालं. ताई हिशेबाची कागदपत्रं घेऊन ऑफिसात गेल्या. झाडूवाला मागच्या रांगांमधून खुर्च्या उलटत येत होता. मावशी कोट हातावर टाकून अप्पांच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.

"माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "आता परत विचारते. ह्याच्या खिशात काय असायचं?"

अप्पांनी त्यांच्याकडे बघितलं आणि सवयीनं वाट बघत राहिले. मावशींनी नजर समोरच्या पडद्यावर वळवली. त्यांच्याकडून काही मिळणार नाही हे कळायलाच अप्पांना दहापर्यंतचा वेळ लागला. मग श्वासाचा आवाज आला. घशातली घरघर, मग काहीच नाही, मग पुन्हा घरघर. तीस झाले. मावशींच्या मनात घड्याळ, विडी, पत्र, रुमाल, सगळं येऊन गेलं. झाडूवाला चार रांगा पुढं आला. साठानंतर त्यांनी मोजणं सोडलं.

"चिटोरा," अप्पा म्हणाले.

आवाज खरखरीत होता, पण त्यांचा होता. मावशी हलल्या नाहीत, कारण ते अजून शोधत होते. हात पुन्हा छातीवर, डाव्या बाजूला गेला.

"तुझा," ते म्हणाले. मग बऱ्याच वेळानं, "रोज."

प्रत्येक प्रयोगाला. पाठ असूनही. मावशींना इतक्या वर्षांत ह्याचा पत्ता नव्हता, आणि ह्याच कोटाच्या घड्या त्यांनी कितीदा घातल्या होत्या. त्या कोटात तोंड घालून मोकळेपणी रडल्या. झाडूवाला त्यांच्या रांगेशी आला आणि ती रांग तशीच ठेवून मागं वळला.

अप्पांना आणखी काहीतरी म्हणायचं होतं. त्यांनी तोंड उघडलं होतं. मावशींनी डोळे पुसले, कोट मांडीवर नीट घेतला आणि त्या थांबल्या.