बंद कोण करणार

आत जाताना पहारेकरी सगळ्यांना एकच विनोद ऐकवायचा. "बाई, मोबाइल इथं कप्प्यात ठेवा. आणि बाहेर येताना तोंड आत ठेवून या."

पहिल्या दिवशी तपासनीस बाई हसल्या होत्या.

हिशेब तपासणीच्या खात्यात त्यांना सगळे पाठीमागे शंकासुर म्हणत. त्यामुळे सैन्याच्या क्लाउडचं काम आलं, तेव्हा साहेबांनी ते आपसूक त्यांच्याच गळ्यात घातलं. क्लाउड म्हणजे ढगबिग काही नाही. दुसऱ्याची यंत्रं भाड्याने घ्यायची आणि आपलं काम त्यांच्यावर चालवायचं. चालू ठेवलीत तोवर मीटर पळत राहतं, काम करा नाहीतर झोपा काढा. सैन्याचं भाडं वर्षागणिक फुगत चाललं होतं आणि लोकांनी निवडून दिलेल्यांच्या समितीला त्याचं कारण हवं होतं.

यंत्रांवर काय चालतं ते फक्त बंद खोलीत दिसे. खोलीत जायचं तर गुप्ततेची शपथ घ्यायची. आधीच्या तपासनिसाने ती घेतली नाही. 'पाहू दिले नाही' असं लिहिलं आणि अहवाल अपुरा म्हणून परत आला. बाई म्हणाल्या, विहिरीत उतरल्याशिवाय पाणी किती ते कसं कळणार? आणि शपथ घेतली.

खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, एक पडदा आणि शेजारी मेजरसाहेब. माणूस सभ्य, पाण्याचा पेला स्वतः भरून देणारा. पडद्यावर यंत्रांची रांग होती आणि प्रत्येकापुढे हिरवा ठिपका. बाईंनी कामाचा रकाना पाहिला. एका अख्ख्या रांगेपुढे शून्य.

"ही काय करतात?"

"काही नाही. एका सरावासाठी घेतली होती. सराव कधीच संपला."

"मग बंद करा की."

"ज्याने सुरू केलं त्याच्याच सहीने बंद होतं. ते पथक सराव संपल्यावर मोडलं."

"दुसऱ्या कुणाला सही द्या."

"त्याने आधी आत काय आहे ते बघायला हवं. आणि बघायचा अधिकार," मेजर ओशाळून हसले, "त्या पथकालाच."

"म्हणजे भाड्याच्या घरात कुणी राहत नाही, दिवे जळतायत, आणि किल्ली मेलेल्याच्या खिशात."

"बाई, एवढं नीट मलाही कधी मांडता आलं नसतं."

बाईंनी अहवालात हेच मांडलं. मेजरांनी तो वाचला आणि नियमाप्रमाणे एकेक ओळ काळी केली. शेवटी छापील नमुन्यातलं एकच वाक्य उरलं: 'खर्च योग्य कारणासाठी झाल्याचे आढळले.' त्याखाली सहीची जागा.

"हे खोटं आहे."

"पण गुप्त नाही," मेजर म्हणाले.

बाईंनी ते वाक्य खोडून वर लिहिलं, 'मला जे आढळले ते सांगता येत नाही.'

मेजरांनी ते वाचलं. "हेही जाऊ देता येणार नाही. सांगता येत नाही म्हटलं की काहीतरी आहे हे कळतं." आणि तीही ओळ काळी करून तेच छापील वाक्य असलेला कोरा नमुना पुढे ठेवला.

सही झाल्याशिवाय काम संपत नव्हतं. काम संपल्याशिवाय शपथ घेतलेल्या माणसाला गाव सोडता येत नव्हतं. आणि परगावी लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण.

रोज संध्याकाळी कप्प्यातून मोबाइल काढला की लेकीचा फोन यायचा. "आई, निघालीस का?"

"निघते गं. एक सही राहिलीय."

"मग कर ना! तुझी सही म्हणजे काय डोंगर उचलायचाय?"

"तसंच काहीसं."

"कसली सही ते तरी सांग."

पलीकडून विहीणबाईंचा आवाज आला, मुद्दाम ऐकू जावा असा, "राहू दे गं, मी आहे की. सरकारच्या माणसाला कुठली सवड!"

बाईंना ते लागलं. सकाळी त्या खोलीत आल्या आणि थेट पेन हातात घेतलं.

मेजर हलक्या आवाजात म्हणाले, "करून टाका, ताई. तुमच्या एकटीने काय होणार? लेकीकडे जा."

पहिल्यांदाच ते ताई म्हणाले होते. बाईंनी पेन टेकवलं. वरचं छापील वाक्य पुन्हा वाचलं. 'आढळले' म्हणणारी त्यांच्याशिवाय दुसरी कोण होती? पडद्यावर रिकामी रांग तशीच हिरवी होती. त्यांनी सही केली, तर समिती हा कागद बघून पुन्हा कधी विचारणार नव्हती. टोपण लावून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मग उद्याही तुम्हाला इथं येऊन बसावं लागेल," मेजर म्हणाले.

"बसते."

त्या दिवशी बाहेर येताना पहारेकऱ्याने विनोद केला नाही. कप्पा आधीच उघडून तो उभा होता. "बाई, तुमचा फोन दुपारपासून वाजतोय. आम्हाला उचलता येत नाही."

जावयाचा निरोप होता. मुलगी झाली, दोघी सुखरूप. खाली लेकीचा एकच शब्द, 'निघालीस?'

"काय झालं, बाई?" पहारेकऱ्याने विचारलं.

"नात झाली."

"मग पेढे पाहिजेत आता!" तो म्हणाला, आणि त्यांचा चेहरा बघून त्याने आवाज खाली घेतला. "उद्या सुट्टी ना?"

"उद्या येते," बाई म्हणाल्या. "कप्पा माझाच ठेवा."